हिरडीचा गुलाबी

वळणावर बस एकदम थांबली, उभी माणसं एकमेकांवर कलली, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या कानातलं हेलकावा खाऊन गाइक सिमच्या नाकासमोर आलं. नऊ थरांचं कुए. नखाएवढी चौकोनी वडी, गुलाबी-पांढरा, गुलाबी-पांढरा असे थर आणि सगळ्यात वर लाल. तांदळाच्या पिठाचं, वाफवलेलं, खायचं खरं गोड कुए कापल्यावर बाजूने जसं ओलसर चमकतं तसं ते चमकत होतं. वरचा लाल थर एका कोपऱ्यात केसभर उचललेला होता. कुणी पोराने सोलून खायला सुरुवात करावी आणि तेवढ्यात आतून हाक यावी, तसा. तो कोपरा पाहिला आणि गाइक सिम पुढे वाकली. दुनियेत कुएचे डूल करणारे पुष्कळ असतील, पण तो कोपरा दुसरं कुणी उचललेलं नव्हतं. तो तिने उचलला होता, दाभणाच्या टोकाने, भाजायला घालण्याच्या आधी, श्वास धरून. ती तिच्याच पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलेली वस्तू होती, आणि आता एका अनोळखी मानेजवळ, शाम्पूच्या वासात, आपली आपण झुलत होती.

बस पुन्हा सुरू झाली. मुलगी शेजारच्या मैत्रिणीला काहीतरी सांगत होती, आणि तिच्या बोलण्याबरोबर वडी डुलत होती. गाइक सिमला वाटलं, हिच्या खांद्यावर बोट ठेवावं. नुसतं बोट ठेवावं आणि म्हणावं, हे माझं. तिचा हात मांडीवरच्या भाजीच्या पिशवीवरून उठलासुद्धा. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "कसलं गोड आहे गं! खावंसं वाटतं. कुठून घेतलंस?"

"रविवारच्या बाजारात. एक मुलगी आहे, स्वतः करते सगळं. मी विचारलं ना तिला, म्हणाली एकेका जोडीला दोन दोन दिवस लागतात. बोटं काय नाजूक आहेत तिची! तशी बोटं लागतात अशा कामाला."

गाइक सिमचा हात पिशवीवर परत आला. तिने बोटांकडे पाहिलं. जाड, आखूड, उजव्या अंगठ्याचं नख एकतीस वर्षं मेण खरवडून एका बाजूला झिजलेलं. नाजूक बोटांची ती मुलगी म्हणजे सू वेन. तिचीच सू वेन, तिच्याच पोटची. विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी करणारी, आणि रविवारी जुन्या गोदामातल्या बाजारात टेबल मांडून बसणारी. त्या मुलीचं खोटं काही नव्हतं, तिने ऐकलं तेच ती सांगत होती. मग आपल्याला हे घशाशी काय आलं? मासळीचं कालवण जास्त झालं की येतं तसं. छे, कालवणाचा इथे काही संबंध नव्हता. मन असं भलतीकडे पळतं. नको त्या जागी बोट लागलं की ते पळतं.

तिने एकदा तसं म्हणून पाहिलं होतं, हे माझं. पंधराएक वर्षं झाली असतील. फेरीबोटीतून ती पलीकडच्या किनाऱ्यावर बहिणीकडे निघाली होती, आणि समोरच्या बाकावर एक साठीचा माणूस पेरू खात होता. कच्चा, कडक पेरू, मीठ-मसाला लावलेला. कराकरा चावत होता. त्याचा वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला होता, आणि तो पाहून गाइक सिमला इतका आनंद झाला की तिला राहवेना. तो सुळा तिने वळवला होता. दातांच्या दवाखान्यात ती कवळ्या करायची, आणि तिथल्या मागच्या खोलीत तिच्याकडे माणसं कधी येत नसत. यायचे ते प्लास्टरचे साचे, डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी, आणि एखाद्या वेळी जुना फोटो. या माणसाने लग्नातला फोटो पाठवला होता. फोटोत तो हसत होता, आणि त्याचा एक सुळा वाकडा होता. चिठ्ठीत त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. सरळ दात बसवले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तिने भिंग लावून तो फोटो पाहिला आणि सुळा तेवढाच, तस्साच वळवला, कारण माणूस हसतो तेव्हा त्याच्या सुळ्याने हसतो. आणि आता तो त्याच सुळ्याने पेरू फोडत होता! ती पुढे वाकली आणि म्हणाली, "हे दात मी केलेत." माणसाचं तोंड मिटलं. अर्धा पेरू त्याने पिशवीत टाकला. त्याच्या शेजारी एक बाई बसली होती, त्याच्याहून बरीच तरुण, नुकतंच लग्न झालेली बायको असावी अशी. ती एकदा त्याच्याकडे आणि एकदा गाइक सिमकडे बघायला लागली. "दात? कसले दात?" ती म्हणाली. माणूस उठला आणि कठड्याशी, उन्हात जाऊन उभा राहिला. किनारा येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तिने कुणालाही काही सांगितलं नाही. बसमध्ये, बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर तिला तिचे दात भेटत. कुणी हसत असे, कुणी भांडत असे, कुणी टूथपिक घेऊन उगाच कोरत असे. ती बघायची आणि पुढे जायची. या बेटावर तीन-चार हजार तोंडांत आपण आहोत, असं तिच्या मनात यायचं, आणि त्या विचाराने तिची मान थोडी ताठ व्हायची. दवाखान्यात डॉक्टर पेशंटला सांगत, "फार छान कवळी करून दिली आहे तुम्हाला." करून दिली आहे. कुणी, ते त्या वाक्यात नव्हतं, आणि तिला ते कधी खुपलं नव्हतं. चांगल्या कवळीची खूणच ती, की ती कुणी केलेली आहे हे कळू नये. मग आत्ताच का खुपावं? पुढच्या बाकावरचं कुए हसत होतं, डुलत होतं. ते दिसावं म्हणूनच केलं होतं. त्याला लपायचं काही कारण नव्हतं, आणि तरी आपण लपलेल्याच.

तिचा थांबा मागे पडला होता. दोन थांबे पुढे जाऊन ती उतरली आणि उन्हातून परत चालत आली.

सुरुवात तशी सू वेननेच केली होती, हे तिने वाटेत स्वतःला दोनदा सांगितलं. दवाखान्यात दात आपोआप घडवणारं यंत्र आलं, मागची खोली बंद झाली, आणि गाइक सिम घरी बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली. सकाळी उठून हात मांडीवर ठेवायची आणि ते हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे तिथे पडून राहायचे. तेव्हा सू वेनने कुठूनतरी पॉलिमर क्लेची, भाजल्यावर टणक होणाऱ्या मऊ मातीची, पाकिटं आणली. स्वतःसाठीच आणली होती. तीन वाकडे गोळे केले, ओव्हनमध्ये करपवले, आणि कंटाळून सगळं जेवणाच्या टेबलावर सोडून दिलं. गाइक सिमने एक गोळा उचलला. मळला. बोटांच्या उबेने तो मऊ झाला, आणि तिला एकदम हुंदका आला. कवळीच्या मेणासारखाच होता. मेणाहून समजूतदार. भाजेपर्यंत वाट बघणारा, घाई नसलेला. पहिल्या दिवशी तिने पांढऱ्यात लाल, लालात पिवळ्याचा ठिपका, त्यात तपकिरीचा कण असं करत करत जो गुलाबी बनवला, तो हिरडीचा गुलाबी होता. हात आपोआप तिकडेच गेला. आणि मग तिने पाहिलं, की नऊथरी कुएचा गुलाबीही हाच. भडक नाही, खेळण्यातला नाही. आतून रक्त वाहत असल्यासारखा, जिवंत. बाजारातल्या कुठल्याच पाकिटात तो मिळत नाही.

सू वेनने डूल विकायचं ठरवलं आणि फोटो काढले. स्वतःच्या तळहातावर डूल ठेवून. "तुझं नाव घाल गं, मला काय करायचंय नावाशी," असं गाइक सिमच म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. आपणच म्हटलेलं वाक्य दोन वर्षांनी बसमध्ये आपल्याला भेटेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

घरी केंग बी, तिचा नवरा, नूडल्सचं भांडं घासत होता. तीस वर्षं गोदीत क्रेन चालवून निवृत्त झाल्यापासून भांडी त्याची. "कुठे होतीस? भाजी आणायला शेतात गेलीस की काय?" तो म्हणाला. तिने बसमधली हकीकत सांगितली. बोटांची गोष्ट सांगताना तिचा आवाज चिरकला, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. केंग बीने हात पुसले. "मग तू म्हणाली का नाहीस, की बाई, हे मी केलंय?"

"कशाला? ती पण जाऊन उन्हात उभी राहील."

त्याला फेरीबोटीची गोष्ट माहीत होती, तो हसला. त्याच वेळी दार उघडून सू वेन आत आली, आणि बापाने सगळं जसंच्या तसं तिच्या पुढ्यात टाकलं. त्याला गोष्टी पोटात ठेवता येत नसत. सू वेन चपला काढता काढता थांबली. "मा, तुला चालत नव्हतं तर सांगायचं ना. लोक विचारतात, कोण करतं. मी काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं म्हणजे? आई करते, एवढंच ना? मग विचारतात, आई काय करायची आधी." तिने दुसरी चप्पल भिंतीशी सरकवली. मग घाईघाईने, एका दमात म्हणाली, "कवळ्या करणारी बाई म्हटल्यावर कोण गं कानात घालेल? त्यांना वाटेल दातांचंच सामान आहे. तुझा तो गुलाबी, हिरडीचा म्हणतेस तू त्याला. कुणाला कळलं ना, तर ईऽऽ करतील."

पंखा फिरत होता. गाइक सिमला खोलीतलं सगळं फार स्पष्ट दिसलं, खिडकीतला मिरचीचा डबा, मुलीच्या पावलावरचा चपलेच्या पट्ट्याचा वळ. ईऽऽ. मुलगी सात वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी म्हणाली होती, मा, तू डॉक्टरकडे काम करतेस असं सांग, पुढचं नको. तेव्हा ती हसली होती. आता तिला हसू आलं नाही.

"मी चोवीस तास तोंडात घालतो," केंग बी म्हणाला. त्याने ओठ फाकवून वरची पंगत दाखवली. "तुझ्या आईची. हिच्याच दातांनी हिच्याशी भांडतो. कानाचं काय घेऊन बसलीस?"

सू वेनला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती आत गेली. गाइक सिमने भाजी निवडायला घेतली. मुलीने मनातलं बोलून टाकलं याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. आला तो एक हट्ट. लहानपणी कुएच्या वडीचा शेवटचा, सगळ्यात खालचा थर कुणी मागितला तरी ती द्यायची नाही, तसला हट्ट. "रविवारी मीही येणार," ती पानं खुडत मोठ्याने म्हणाली.  

रविवारी टेबलामागे ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. गोदामाच्या उंच पत्र्याखाली माणसांची गर्दी होती, कॉफीचा आणि साबणांचा वास होता. मखमलीवर तिची कुए ओळीने टांगलेली होती. ती घरातून एकेक करून जात असत. इतकी एकत्र, परक्या उजेडात, तिने कधी पाहिली नव्हती. लोक वाकत, बोट लावत, "अय्या, खरं वाटतं!" म्हणत, आणि सू वेनकडे बघत. दर वेळी सू वेनची मान किंचित मागे वळायची आणि पुन्हा पुढे यायची. तिला ते जमत नव्हतं, हे गाइक सिमला दिसत होतं. लहानपणी पाढे म्हणताना सातानंतर अडायची तेव्हाही ती अशीच मान हलवायची. मला मुद्दाम त्रास द्यायला आली असं वाटत असेल हिला, गाइक सिमच्या मनात आलं. वाटू दे.

अकराच्या सुमाराला एक उंच तमिळ बाई आली. पांढरे केस घट्ट बांधलेले, कपाळावर विभूती. तिने पर्समधून रुमाल काढला, उलगडला. आत एकच डूल होतं. नऊथरी. "मी वासंती. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त झाले," ती म्हणाली. "निरोपाच्या दिवशी माझ्या वर्गाने वर्गणी काढून हे दिलं होतं. इथूनच घेतलेलं. दुसरं हरवलं. नंतर पोरांनी खेळांच्या दिवशी बोलावलं होतं, तिथे मैदानात पडलं, सगळा वर्ग गवतात रांगला, सापडलं नाही. याला जोड मिळेल का?"

सू वेनने ते हातात घेतलं. "आंटी, मी तुम्हाला नवीन जोडीच देते ना. याचा रंग उतरलाय बघा. नवं एक केलं तर ते वेगळं दिसेल."

"नवी जोडी नको बाळ. हीच हवी."

"पण असा रंग आता..." सू वेन बोलायची थांबली.

गाइक सिम उठली होती. तिने मुलीच्या हातातून डूल घेतलं आणि काही न बोलता गोदामाच्या दाराशी, पत्र्याच्या सावलीबाहेर गेली. तिथे उत्तरेचा, रंगाबाबत न फसवणारा उजेड होता. दीड वर्षाचं ऊन होतं त्या वडीत. खोबरेल तेल होतं. पांढरा आता पांढरा राहिला नव्हता, चहा सांडून पुसलेल्या कपासारखा झाला होता. गुलाबी मागे सरकला होता, म्हाताऱ्या माणसाची हिरडी सरकते तसा.  पूर्ण कवळी कुणीही करतं. सगळे दात नवे, सगळे एकमेकांना जुळतात, विचारणार कोण? पण एकच दात, एकतीस जुन्यांच्या शेजारी बसणारा, पान-तंबाखू, चहा-कॉफी, चाळीस वर्षं सगळं पाहिलेल्यांच्या शेजारी, तो करायला दवाखान्यात फक्त तीच होती. दुसऱ्या दवाखान्यांतूनही तेवढ्यासाठी तिच्याकडे साचे येत. हे तिला आठवलं तेव्हा तिला कळलं की ती ते विसरली नव्हती, नुसतं कुणी विचारलं नव्हतं.

ती परत आली. वासंती टीचर आणि सू वेन दोघी तिच्याकडे बघत होत्या. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"हे मी केलंय," गाइक सिम म्हणाली. आवाज मोठा निघाला, कॉफीवाल्यानेही वळून पाहिलं. "याची जोड मीच करीन. एकतीस वर्षं मी कवळ्या केल्या. हा जो गुलाबी आहे ना, तो हिरडीचा गुलाबी आहे. माझा आहे तो. ऊन लागल्यावर तो कसा होतो ते मला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी या."

तिने सू वेनकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. ईऽऽ ऐकू येण्याची ती वाट बघत राहिली.

"दातांचं काम होय?" वासंती टीचर म्हणाल्या. त्यांनी रुमाल नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. "मग काळजी नाही. रंग जुळेल." आणि त्या साबणांच्या टेबलाकडे निघून गेल्या, वर्गाला गृहपाठ देऊन निघावं तशा.

तो आठवडा गाइक सिम सकाळी नऊच्या आत खिडकीशी असायची, कारण त्यानंतर समोरच्या इमारतीवरून पिवळा उजेड येतो आणि डोळ्यांना फसवतो. तिने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करून भाजले. पहिला फार गुलाबी झाला. दुसरा ओल्या अवस्थेत बरोबर होता, ओव्हनमधून बाहेर आला तो मेलेला. तिसऱ्यात तपकिरी जास्त. तिने पारदर्शक क्ले घातली, कारण म्हातारा दात वरून पिवळा होत नाही, तो आतून दिसायला लागतो. हे कुणी शिकवलं नव्हतं तिला, बघून बघून कळलं होतं. गुरुवारी कचेरीला जायच्या आधी सू वेन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. 

"मा, पांढऱ्यात निळा कशाला घालतेस?"

"जुना झाला की कडेला राखाडी होतो तो. कडेलाच. मध्ये नाही."

"मला नाही दिसत."

"तो थर झाक. आता बघ."

सू वेनने नखाने थर झाकला, डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाली, "हो गं." ती खुर्ची ओढून बसली. "त्या दिवशी मी जे बोलले ना, मा..." गाइक सिमने तिच्या हातात लाटणं दिलं. "कागदाएवढा पातळ लाट. फाटला तर पुन्हा." सू वेनचा थर तीनदा फाटला. चौथा बरा होता. नाजूक बोटांना काही येत नव्हतं, आणि गाइक सिमला त्याचा फार आनंद झाला. त्या आनंदाची तिला थोडी लाजही वाटली, पण थोडीच. सू वेनला त्या दिवशी कचेरीत जायला उशीर झाला.

पाचवा तुकडा जुळला. तिने नऊ थर रचले, कापले, कोपरा उचलला, भाजलं, पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिश कागदाने घासलं, आणि शेवटी आपल्या केसांना तेल लावून त्याच बोटांनी ती वडी दिवसभर चोळत बसली. केंग बी म्हणाला, "माझ्या दातांना एवढं नाही केलंस." ती म्हणाली, "तुझ्या दातांना जोडीदार कुठे होता?"

रविवारी वासंती टीचर आल्या. सू वेनने त्यांच्या रुमालावर दोन्ही डूल ठेवले. टीचरनी ते उचलले, एक या कानात, एक त्या कानात घातलं, आरसा मागितला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग पुन्हा डावीकडे. टेबलाशी उभ्या असलेल्या दोन मुलीही बघायला लागल्या.

"यातलं नवं कुठलं?" टीचरनी विचारलं.

"उजवं," सू वेन लगेच म्हणाली. मग तिने नीट पाहिलं. "नाही. थांबा. डावं?"

"मला डावंच वाटत होतं," त्यातली एक मुलगी म्हणाली.

"छे गं, उजवं," दुसरी.

"हिने केलंय, हिलाच विचारा," सू वेन म्हणाली. आईच्या पाठीवर तिने हात ठेवला आणि त्या मुलींकडे वळली. "माझी आई. कवळ्या करायची. सगळं तीच करते, मी फक्त टेबल मांडते."

सगळ्या गाइक सिमकडे बघायला लागल्या. ती पुढे झाली. टीचरांच्या एका कानाकडे तिने पाहिलं, मग दुसऱ्या. कडेचा राखाडी, मागे सरकलेला गुलाबी, उचललेला कोपरा. उजवं. नाही, डावं. तिने पुन्हा पाहिलं. आणि गोदामाच्या त्या गर्दीत, भर दिवसा, तिच्या लक्षात आलं की तिला स्वतःलाही ओळखू येत नाहीये.  तिने पाठ सरळ केली, हात मागे बांधले.

"सांगा ना," टीचर म्हणाल्या.

"ते माझं मला माहीत," गाइक सिम म्हणाली.